शुश्रूषेची शाळा

'शुश्रूषा' हा शब्द आपण नित्य वापरतो. घरात कोणी अंथरुणाला खिळले, म्हणजे त्याची शुश्रूषा केली पाहिजे असे आपण म्हणतो, आणि सेवा एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात असतो. परंतु संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूच्या मुखातून विद्या ऐकावयास मिळावी म्हणून शिष्य गुरुगृही राहून त्याची सेवा करी. त्यामुळे कालांतराने ऐकण्याच्या इच्छेचा अर्थ सेवा असा झाला. ज्याला शिकण्याची इच्छा नाही त्याच्या हातून खरी सेवा घडावयाची नाही, असेच जणू हा शब्द आपणांस सांगत असतो. आजाऱ्याची सेवा ही केवळ दयेची गोष्ट नसून शिकण्याची गोष्ट आहे, हे सत्य ज्या एका स्त्रीने सारे आयुष्य वेचून जगाला पटवून दिले, तिचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे. ती स्त्री म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांमधून फिरणारी तिची मूर्ती आपण चित्रात पाहिली असेल. ते चित्र खरे आहे. परंतु तेवढेच पाहून थांबणारा मनुष्य त्या स्त्रीच्या खऱ्या कार्याला मुकतो. दिवा धरला तो जेमतेम पावणेदोन वर्षे. तो धरण्याआधी तिने पंधरा-सोळा वर्षे वाट पाहिली, आणि तो खाली ठेवल्यावर चाळीसांहून अधिक वर्षे काम केले.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. तिचे आईवडील इंग्रज होते. विवाहानंतर ते युरोपच्या प्रवासास गेले असता दोन मुली जन्मल्या, आणि दोघींनाही जन्मस्थानावरूनच नावे मिळाली. घरची श्रीमंती मोठी होती. डर्बीशायर परगण्यात एक वाडा आणि हॅम्पशायरमध्ये दुसरा; ऋतुमानाप्रमाणे कुटुंबाचा मुक्काम हालत असे. वडील विद्याव्यासंगी असल्यामुळे त्यांनी मुलींना स्वतः शिकविले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय तिने त्यांच्यापाशी बसून आत्मसात केले. पुढे तिला गणिताची गोडी लागली. मुलीच्या जातीला गणित कशाला, असा प्रश्न त्या सधन घरातही विचारला गेलाच. त्या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षांनी एका फार दुःखद प्रसंगी मिळावयाचे होते.

वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १८३७ च्या फेब्रुवारीत, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे असे तिच्या मनाने घेतले. परंतु कोणती सेवा, हे तिला कळेना. खेड्यातील गरिबांच्या झोपड्यांत जाऊन आजाऱ्यांपाशी बसताना हळूहळू उत्तर सापडले, आणि त्याबरोबरच एक गोष्ट तिच्या ध्यानी आली. आजाऱ्याविषयी तळमळ वाटणे निराळे आणि त्याच्यासाठी काय करावे हे कळणे निराळे. तळमळ तिच्यापाशी भरपूर होती, ज्ञान नव्हते. १८४५ साली तिने घरी विनंती केली, की जवळच्या सॉल्सबरी येथील रुग्णालयात काही महिने राहून आपणांस हे काम शिकू द्यावे.

घरात आकांत झाला. आईला व बहिणीला ही कल्पनाही असह्य वाटली. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्या काळची रुग्णालये म्हणजे दुर्गंधीची आगरे होती. ज्याला घरी राहून उपचार घेणे शक्य असे, तो तेथे जात नसे. परिचारिकांना कोणतेही शिक्षण नसे. पुष्कळ ठिकाणी ज्या बायकांना दुसरे काम मिळत नसे, त्याच हे काम पत्करीत. त्यांच्या मद्यपानाच्या कथा सर्वतोमुखी होत्या. कुलीन मुलीने अशा ठिकाणी जाणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, असा तेव्हाचा समज होता. आपणही फार दूर आलो आहोत असे नाही. आज एखादी हुशार मुलगी परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हा कित्येक घरांत क्षणभर सगळे गप्प होतात. ती शांतता फ्लॉरेन्सच्या घरी आठ वर्षे टिकली.

तिने घर सोडले नाही आणि हट्टही सोडला नाही. पहाटे, घरातील माणसे उठण्यापूर्वी, अंगाभोवती शाल गुंडाळून दिव्याच्या उजेडात ती रुग्णालयांचे अहवाल व आरोग्यखात्याचे आकडे वाचीत बसे, टिपणे काढी, कोष्टके तयार करी. न्याहारीची घंटा झाली, की वह्या मिटून ती पुन्हा घरची लाडकी लेक होई. जगाने नावाजलेला दिवा तो नंतरचा; तिचा पहिला दिवा हा अभ्यासाचा होता, आणि तो कोणी पाहिला नाही. याच काळात एका गुणी व प्रतिष्ठित तरुणाने तिला मागणी घातली होती. तिचे मन त्याच्याकडे ओढ घेत होते. तरीही १८४९ साली तिने नकार दिला. विवाहानंतर आपले काम उरणार नाही, हे तिने ओळखले होते.

अखेर १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला तीन महिने शिकावयास मिळाले. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कैसरवर्थ नावाचे गाव आहे. तेथे थिओडोर फ्लीडनर नावाच्या पाद्र्याने १८३६ साली रुग्णालय काढून त्यात सेवाभगिनी तयार करण्यास प्रारंभ केला होता. आई व बहीण त्या वेळी कार्ल्सबाड येथे हवापालटासाठी राहिल्या होत्या. फ्लॉरेन्स कोठे आहे याचा बोभाटा होऊ नये, अशी त्यांची अट होती. वाड्यात वाढलेली ही मुलगी तेथे पहाटे पाचला उठे, राय नावाच्या धान्याची पातळ पेज पिई, आणि दिवसभर आजाऱ्यांपाशी राबे. तिला तेथे अतिशय आनंद झाला. परंतु तिची दृष्टी आंधळी नव्हती. तेथील भगिनींची निष्ठा निर्मळ आहे, मात्र शुश्रूषेचे शास्त्र जवळजवळ नाही आणि स्वच्छतेची स्थिती वाईट आहे, असेच मत तिने पुढे नोंदविले. पुढे १८५३ साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली, आणि सेवा व व्यवस्था या दोन्ही गोष्टी तिने तेथे एकत्र हाताळल्या.

याच सुमारास क्रिमियाचे युद्ध पेटले. रशियाविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्थान एकत्र आले. सप्टेंबर १८५४ मध्ये आल्मा नदीकाठी मोठी लढाई झाली, आणि जखमी इंग्रज सैनिकांना जहाजांत भरून काळ्या समुद्रापलीकडे तुर्कस्थानात, आजच्या इस्तंबूल शहरासमोरील स्कुटारी येथे आणण्यात आले. तेथे त्यांना पट्ट्या बांधण्यासही पुरेशी माणसे नाहीत, ही बातमी वर्तमानपत्रांनी इंग्लंडात पोहोचविताच देशभर संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सला ओळखत होते. त्यांनी तिला परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी अडतीस स्त्रियांसह तिने लंडन सोडले आणि ४ नोव्हेंबरला ती स्कुटारीस पोहोचली.

लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही. डॉक्टरांनी बोलाविल्याशिवाय एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावू नये, असा तिचा कडक हुकूम होता. समोर सैनिक विव्हळत असता या बायका गुपचूप पट्ट्या शिवीत बसल्या. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा येऊन थडकला, आणि मग डॉक्टरांनीच त्यांना हाक मारली. स्कुटारीचे रुग्णालय म्हणजे मुळात तुर्की लष्कराची प्रचंड बराक होती. तिच्या ओवऱ्यांतून खाटांच्या व चटयांच्या रांगा मैलोगणती लागल्या होत्या. फ्लॉरेन्सने जमिनी घासण्याचे ब्रश मागविले, धुण्याची व्यवस्था लाविली, आजाऱ्यांना झेपेल असे अन्न शिजविण्यासाठी वेगळी स्वयंपाकघरे काढली, सदरे व चादरी विकत घेतल्या. रात्री दिवा घेऊन ती एकेका रांगेतून जाई. मरणाऱ्यांपाशी बसे, त्यांच्या घरी पत्रे लिही. सैनिक तिला देवता मानू लागले.

आणि तरीही माणसे मरतच होती.

हा भाग आपल्या चरित्रपर धड्यांतून बहुधा गाळला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. त्या हिवाळ्यात स्कुटारीचे मृत्युमान कमी होण्याऐवजी वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचारासाठी आलेल्या शंभर सैनिकांमागे सुमारे बेचाळीस दगावले. ते मुख्यतः जखमांनी मेले नाहीत. अतिसार, आमांश, टायफस अशा रोगांनी मेले. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्यविषयक चौकशी मंडळ आले. त्यातील जाणत्यांनी इमारतीच्या पायाकडे पाहिले. भिंतींखालची गटारे तुंबून त्यांतील घाण आत झिरपत होती. पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर पडलेले होते. त्यांनी गटारे धुऊन काढली, पाणी शुद्ध केले, भिंतींना चुना दिला, वारा खेळता केला. जून महिन्यात मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास आले.

युद्ध संपल्यावर १८५६ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स मायदेशी परतली. सारे राष्ट्र तिच्या स्वागतासाठी उत्सुक होते. ती मात्र खोटे नाव घेऊन, कोणताही समारंभ न होऊ देता, गुपचूप घरी आली. पुढल्या वर्षी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर तिने मृत्यूचे आकडे महिन्यांप्रमाणे मांडले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. युद्धभूमीवरील शस्त्रांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक सैनिकांचा बळी घेतला होता, आणि रोगांचे सर्वांत मोठे ठाणे तिचे स्वतःचे स्कुटारीचे रुग्णालय हेच होते. ज्यांच्या उशाशी दिवा घेऊन ती बसली होती, त्यांतील कित्येकांना त्या इमारतीनेच मारले होते. तिच्या जागी दुसरा कोणी असता, तर जगाने दिलेला मान कुरवाळीत त्याने ते कागद पेटीत बंद केले असते. तिने तसे केले नाही. ते आकडे तिने सरकारपुढे मांडले. राज्यकर्त्यांना कंटाळवाणी कोष्टके वाचावयास नको म्हणून रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढून मांडले. लहानपणी शिकलेले गणित येथे कामास आले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

दया अपुरी आहे, ज्ञान हवे. आणि ते ज्ञान एकीपाशी असून भागत नाही, ते हजारो हातांत गेले पाहिजे. हा निश्चय मनाशी बाळगून तिने आपल्या खऱ्या कार्यास हात घातला. युद्ध चालू असतानाच जनतेने तिच्या नावाने निधी गोळा केला होता. तो सुमारे पंचेचाळीस हजार पौंडांचा झाला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. आपल्याकडे शिकविणाऱ्या स्त्रीला आपण बाई म्हणतो. तेव्हा येथून पुढे फ्लॉरेन्सलाही नाइटिंगेलबाई म्हणणेच योग्य.

शाळेला विरोध झाला. त्याच रुग्णालयातील एका ज्येष्ठ शल्यवैद्याचे जाहीर मत असे होते, की परिचारिका म्हणजे घरातील मोलकरणीसारखीच. तिला पोटीस करता आले म्हणजे पुरे, शिक्षणाची गरज नाही. बाईंनी उत्तर दिले ते अभ्यासक्रमाच्या रूपाने. पहिल्या वर्षी पंधरा विद्यार्थिनी घेतल्या. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश व धुणे संस्थेकडून, शिवाय हातखर्चास वर्षाला दहा पौंड. म्हणजे गरिबाची मुलगीही येऊ शकत होती. प्रत्येकीला स्वतंत्र खोली होती, आणि बाहेर जाताना दोघींनी मिळून जावे असा नियम होता. या धंद्याला चिकटलेली बदनामी धुऊन काढावयाची, तर एका मुलीचेही पाऊल घसरता कामा नये, हे बाई जाणून होत्या.

त्या मुलींना काय शिकविले जाई, हे पाहण्यासारखे आहे. जखमा, भाजलेले भाग व फोड धुऊन पट्ट्या बांधणे, शेक देणे, जळवा लावणे, रुग्ण खाटेवर असतानाच त्याला न दुखविता चादर बदलणे, असहाय रुग्णाला कुशीवर वळविणे, आणि पडून राहिल्यामुळे पाठीला जखमा होऊ न देणे, पेज, खीर व पथ्याची पेये तयार करणे, खोलीतील हवा खेळती ठेवणे, शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणे. या सर्वांहून अवघड विषय होता तो निरीक्षणाचा. नाडी, श्वास, झोप, भूक, त्वचेचा रंग, जखमेची स्थिती, औषधाचा परिणाम, हे सारे पाहून डॉक्टरांना नेमके व खरे सांगता आले पाहिजे. वाटते असे सांगावयाचे नाही, पाहिले असे सांगावयाचे. दर महिन्याला प्रत्येकीचे प्रगतिपत्रक भरले जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांबरोबर प्रत्येक कामाला शेरा मिळे: उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य. आपल्या प्रगतिपुस्तकातील शेऱ्यांनी धसका घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाचून थोडे समाधान मानण्यास हरकत नाही!

नाइटिंगेलबाई मात्र या शाळेत रोज जात नसत. युद्धात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली होती. खोलीत, बहुधा अंथरुणावर पडूनच त्या काम करीत. शाळेचा भार श्रीमती वॉर्ड्रोपर या मुख्य परिचारिकेवर असे. तथापि विद्यार्थिनींच्या नोंदी बाईंकडे येत, आणि पुढे अनेक वर्षे त्या विद्यार्थिनींना उद्देशून पत्रे लिहीत राहिल्या. शाळेतून बाहेर पडलेल्या मुली दूरदूर गेल्या. ॲग्नेस जोन्स ही १८६५ साली लिव्हरपूलमधील अनाथगृहाच्या रुग्णालयात गेली. तेथे निराधार बायकांकडूनच आजाऱ्यांची कशीबशी देखभाल करून घेत. तिने तेथे सुव्यवस्था आणली, आणि १८६८ साली टायफसने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आपला देह ठेवला. लूसी ऑस्बर्न ही पाच परिचारिकांसह ऑस्ट्रेलियात सिडनीस गेली.

बाईंचे मोठेपण त्यांच्या यशाइतकेच एका अपयशातही दिसते. १८६१ साली त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींचे शिक्षण सुरू झाले. खेड्यापाड्यांतील गरीब बाळंतिणींना शिकलेल्या हातांची मदत मिळावी, हा हेतू. परंतु त्या वॉर्डात बाळंतज्वराने माता दगावू लागल्या. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा सिद्ध व्हावयाचे होते. दूषित हवा हेच सर्व रोगांचे मूळ, असे बाईंसह बहुतेक सर्वांचे मत होते. कारण नेमके कळले नाही, तरी आकडे डोळ्यांसमोर होते. स्कुटारीचा धडा बाई विसरल्या नव्हत्या. १८६७ साली तो वर्ग व तो वॉर्ड बंद करण्यात आला. मग त्यांनी ठिकठिकाणचे बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे जमवून त्यांवर १८७१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आपलेच लावलेले झाड विषारी फळ देत आहे असे दिसताच ते स्वतःच्या हाताने तोडणारी माणसे जगात थोडी.

आपल्या देशाशीही त्यांचा निकटचा संबंध होता, जरी त्यांचे पाऊल या भूमीला कधी लागले नाही. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी १८५९ ते १८६३ या काळात झाली. तेव्हा प्रत्येक छावणीकडून आलेली माहिती बाईंनी खोलीत बसून चाळली. येथील गोऱ्या सैनिकांचे वार्षिक मृत्युमान पूर्वी हजारी एकोणसत्तर होते, ते १८७३ पर्यंत अठरावर आल्याचे त्यांनी मांडले. सैनिकांवरून त्यांचे लक्ष रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, खेड्यांची स्वच्छता यांवर त्यांनी सतत लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार असे. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे दयाराम गिडुमल यांनी लिहिलेले चरित्र १८९२ साली लंडनमध्ये निघाले, त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची आहे. पुढे याच मलबारी व गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापिले. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि ज्यांना समाजाने घराच्या कोपऱ्यात बसविले होते अशा विधवा तेथून ससून रुग्णालयात जाऊन परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. लंडनमध्ये लाविलेल्या दिव्याची ज्योत अशी हातोहाती आपल्या ओसरीपर्यंत आली.

१९०७ साली इंग्लंडच्या राजाने नाइटिंगेलबाईंना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वद वर्षांचे आयुष्य भोगून त्यांचे देहावसान झाले. राष्ट्रपुरुषांच्या शेजारी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची सूचना त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आली. ईस्ट वेलो या खेड्यातील थडग्यावर त्यांचे पूर्ण नावही नाही. केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. त्यांची शाळा मात्र आजही लंडनच्या किंग्ज कॉलेजात चालू आहे, आणि १२ मे हा त्यांचा जन्मदिवस सर्व जगात परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी एखादी किंवा एखादा उद्या रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावयास निघेल. कोणी म्हणेल, यात शिकावयाचे ते काय? अंथरूण घालणे, पेज भरविणे, खिडकी उघडणे, हे तर कोणालाही येते. त्या माणसाशी भांडू नका. स्कुटारीच्या त्या हिवाळ्याची गोष्ट त्याला सांगा. तेथे दयेला तोटा नव्हता, दिवाही होता. भिंतीखालचे गटार मात्र कोणी पाहिले नव्हते. आणि वडीलधाऱ्यांना नम्रपणे विनवावेसे वाटते, की मुलगी असे काही मागावयास आली, तर तिला आठ वर्षे वाट पाहावयास लावू नये. तिला ऐकावयाचे आहे, शिकावयाचे आहे. आणि आपल्या पूर्वजांनी शुश्रूषा म्हटले ते यालाच.